लेक्लेरचा मोनॅकोतला विजय थोर म्हणावा की नुसताच भावुक?

वळणावरचा प्रेक्षक

२६ मे २०२४ रोजी फेरारीचा चालक शार्ल लेक्लेर याने फॉर्म्युला वन मोटारशर्यतींतली मोनॅकोची ग्रां प्री जिंकली. ज्या रस्त्यांवर तो लहानाचा मोठा झाला, त्याच रस्त्यांवर तो जिंकला. लुई शिरॉन याने १९३१ मध्ये बुगाट्टी चालवून ही शर्यत जिंकली होती, पण तेव्हा जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अस्तित्वातच नव्हती. ती १९५० मध्ये सुरू झाली. त्यामुळे अजिंक्यपदाच्या हिशेबात घरच्या शर्यतीत जिंकणारा लेक्लेर हा पहिलाच मोनॅकोवासी ठरला.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे आणि जाणकारांनी त्यावर मत द्यावे, अशी विनंती आहे. मी तो विजय घरच्या मैदानावरच्या सर्वोत्तम विजयांत धरतो. माझे काही मित्र मात्र म्हणतात की त्या दिवशी शर्यत अशी झालीच नाही, नुसती मिरवणूक निघाली, आणि तुम्ही तिला थोर म्हणता ते केवळ शेवटी सगळे रडले म्हणून. विजेता घरचा असला म्हणजे विजयाचे मोल वाढते का, की वाढते ते फक्त आपले कौतुक?

निळा झेंडा

तुमच्या मित्रांशी मी सहमत आहे. पहिल्याच फेरीत मॅग्नुसन आणि पेरेझ यांच्या गाड्या चढावर एकमेकींना धडकल्या, मागून येणारा हुल्केनबर्ग त्यात सापडला आणि लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवावी लागली. थांबलेल्या वेळात सगळ्यांनी टायर बदलून घेतले आणि दोन प्रकारचे टायर वापरण्याचे बंधन तिथेच, एकही पिट-थांबा (शर्यत चालू असताना टायर बदलण्यासाठी थांबणे) न घेता, पूर्ण झाले. त्यानंतर पुढच्यांपैकी कोणालाही थांबण्याचे कारणच उरले नाही. पहिले दहाही चालक ज्या क्रमाने निघाले होते, नेमके त्याच क्रमाने पोहोचले. मॅक्स व्हर्स्टॅपेन याने तर चालू शर्यतीत रेडिओवरून आपल्या संघाला सांगितले की उशी आणायला हवी होती.

जिथे ओव्हरटेक करणे जवळजवळ अशक्य आहे, तिथे पहिल्या क्रमांकावरून निघून पहिल्या क्रमांकावर पोहोचणे ही चांगली गोष्ट आहे. तिला थोर म्हणायला मात्र मी तयार नाही.

हळूगाडी

मला पंचविसाव्या फेरीच्या सुमारास डुलकी लागली आणि सत्तराव्या फेरीला जाग आली. पडद्यावरचा क्रम जसाच्या तसा होता, त्यामुळे आपले काही हुकले असावे अशी शंकाही मला आली नाही.

पिटभिंत

हळूगाडी यांनी झोपेत घालवलेल्या त्या पंचेचाळीस फेऱ्यांतच खरी शर्यत झाली, असे माझे मत आहे. ते थोडे सविस्तर मांडतो.

दुसऱ्यांदा सुरुवात झाली तेव्हा पुढचे चौघे, म्हणजे लेक्लेर, पिआस्ट्री, सेंझ (लेक्लेरचा फेरारीतला सहकारी) आणि नॉरिस, जास्त टिकणाऱ्या हार्ड टायरवर होते. पाचवा रसेल त्याहून लवकर झिजणाऱ्या मीडियम टायरवर होता आणि त्याला ते अगदी शेवटपर्यंत टिकवायचे होते, त्यामुळे तो मुद्दाम सावकाश चालवत होता. मोनॅकोत पिटमध्ये जाऊन येण्यात सुमारे वीस सेकंद खर्ची पडतात. नॉरिस आणि रसेल यांच्यात तेवढे अंतर पडले असते, तर नॉरिस निर्धास्तपणे पिटमध्ये जाऊन, चौथे स्थान न गमावता, नवे टायर लावून बाहेर आला असता. मग जुन्या टायरवरच्या सेंझच्या मागे नव्या टायरचा नॉरिस लागला असता आणि फेरारीचे सगळे गणित विस्कटले असते.

यावर फेरारीकडे एकच उपाय होता, आणि तो सगळ्यांत पुढे असलेल्या माणसाच्या हाती होता. त्याने इतके हळू जायचे की पाठीमागचा सगळा घोळका रसेलपासून तुटता कामा नये. म्हणजे घरच्या लोकांसमोर, ज्या शर्यतीची आयुष्यभर वाट पाहिली त्या शर्यतीत, आघाडीवर असताना, हाती वेग शिल्लक असूनही तो वापरायचा नाही, आणि त्याच वेळी पाठीला लागलेल्या पिआस्ट्रीला एकाही वळणावर नाक घालण्याइतकी फट ठेवायची नाही. शेवटी मोकळीक मिळाल्यावर तो झपाट्याने पुढे निघाला आणि सुमारे सात सेकंदांनी जिंकला. वेग किती शिल्लक होता, ते त्यावरून कळावे.

निळा झेंडा

पिटभिंत, समजावून सांगितलेत त्याबद्दल आभार, परंतु तुमच्या स्पष्टीकरणाने माझाच मुद्दा पक्का होतो. हा डावपेच संघाचा होता. मोनॅकोत आघाडीवर असलेला कोणताही चांगला चालक सांगितल्याबरहुकूम हळू जाऊ शकतो, कारण मागच्याला पुढे जायला रस्ताच नाही. हळू चालवण्यासाठी पारितोषिक द्यायचे असेल, तर आमच्या हळूगाडींचा विचार आधी व्हावा.

मागचा आरसा

घरचेपणाचा मुद्दा नीट समजायचा असेल, तर लेक्लेरचा मोनॅकोतला त्याआधीचा हिशेब पाहावा लागेल. २०१७ मध्ये फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, पोल (पात्रता फेरीतला पहिला क्रमांक, म्हणून शर्यतीत सर्वांत पुढची जागा) मिळाली, पण दोन्ही शर्यती अपुऱ्या राहिल्या. २०१८ मध्ये ब्रेक निकामी होऊन तो पुढच्या गाडीवर आदळला. २०१९ मध्ये संघाच्या चुकीमुळे पात्रतेच्या पहिल्याच टप्प्यात बाद झाला आणि शर्यतीतही टक्कर होऊन बाहेर पडला. २०२० ची शर्यत झालीच नाही.

२०२१ ची गोष्ट सर्वांत क्रूर आहे. पात्रता फेरीत त्याने सर्वांत कमी वेळ नोंदवला आणि शेवटच्या प्रयत्नात जलतरण तलावाजवळच्या वळणावर गाडी भिंतीला आपटली. सत्र तिथेच थांबल्यामुळे पोल मात्र कायम राहिली. दुसऱ्या दिवशी ग्रिडकडे, म्हणजे सुरुवातीच्या रांगेकडे, जाताना डाव्या चाकाकडे शक्ती नेणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा भाग तुटल्याचे लक्षात आले आणि पोलवरचा घरचा मुलगा शर्यत सुरूही करू शकला नाही. २०२२ मध्ये पुन्हा पोल मिळाली, पण पावसात टायर केव्हा बदलायचे याचा संघाने असा गोंधळ घातला की तो चौथा आला. त्याच महिन्यात जुन्या गाड्यांच्या कार्यक्रमात निकी लाउडाची १९७४ ची फेरारी चालवताना ब्रेक गेले आणि ती गाडीही त्याने रास्कासच्या वळणावर आपटली.

आता सांगा, या माणसाला २०२४ मध्ये आघाडीवर असताना ‘सावकाश जा’ असे सांगणे म्हणजे काय असेल?

हळूगाडी

एवढा इतिहास असताना त्याने गाडी गॅरेजमधून बाहेर काढली, हेच माझ्या मते शौर्य आहे.

तळटीपवाला

मूळ विषयाला धरूनच एक शंका आहे. ‘घरचा’ म्हणजे नेमका कोण? निको रॉसबर्ग जन्माने जर्मन असला तरी मोनॅकोतच वाढला आणि २०१३, २०१४ व २०१५ अशी सलग तीन वर्षे तिथे जिंकला. पोडियमवर जर्मनीचे राष्ट्रगीत वाजले, म्हणून ते विजय घरचे धरायचे नाहीत का? उलट बाजूने पाहिल्यास, व्हर्स्टॅपेनचा जन्म बेल्जियममधला, त्याची आई बेल्जियन, पण तो नेदरलँड्सकडून खेळतो. नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला २०२१ ते २०२३ अशी तीन वर्षे तो जिंकला, तेव्हा नारिंगी गर्दीने आकाश डोक्यावर घेतले. त्याच तीन वर्षांत तो बेल्जियममधल्या स्पालाही जिंकला. त्याची घरची शर्यत मग कोणती मानायची?

हळूगाडी

गाडी बंद पडल्यावर ज्याला पायी घरी जाता येते, त्याची ती घरची शर्यत, अशी सोपी व्याख्या मी सुचवतो.

मागचा आरसा

हळूगाडी, तुमच्या व्याख्येत ब्राझीलचा आयर्टन सेना चपखल बसतो, आणि तोही मोनॅकोतच. १९८८ मध्ये प्रचंड आघाडीवर असताना बोगद्याच्या आधीच्या पोर्तिए वळणावर त्याने गाडी कठड्याला धडकवली आणि तो पिटमध्ये परत न जाता थेट तिथल्या आपल्या सदनिकेत निघून गेला. मोनॅकोची शर्यत तो सहा वेळा जिंकला, तरी ती त्याची घरची शर्यत आहे असे कोणी म्हणत नाही. त्याचे घर साओ पाउलो होते आणि ब्राझीलची शर्यत जिंकायला त्याला आठव्या प्रयत्नापर्यंत थांबावे लागले. म्हणजे घर ठरवतात ते कठड्यापलीकडचे लोक. पत्त्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

पण लोकही नेहमी आपल्या माणसाचेच असतात असे नाही. १९८३ च्या, इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीत रिकार्डो पात्रेसे या इटालियन चालकाने अवघ्या काही फेऱ्या उरल्या असताना पात्रिक तांबे याला मागे टाकून आघाडी घेतली आणि लगेचच त्याची गाडी वळणावर घसरून आदळली. घरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून जल्लोष केला, कारण तांबे फ्रेंच असला तरी फेरारी चालवत होता. पात्रेसेला इमोलात जिंकायला १९९० उजाडावे लागले. इटलीतल्याच मोंझाला तर १९६६ मध्ये लुडोविको स्कार्फिओट्टी जिंकला, त्यानंतर २०२५ पर्यंत तिथे एकही इटालियन जिंकलेला नाही, आणि तिथल्या प्रेक्षकांना त्याची फारशी खंतही दिसत नाही. लेक्लेर २०१९ आणि २०२४ मध्ये मोंझाला जिंकला तेव्हा ते जणू त्यांच्या घरचेच लग्न होते.

तळटीपवाला

पात्रेसेची ही हकिगत मला माहीत नव्हती. वाचून वाईट वाटले.

शेवटची फेरी

सेनाचा विषय निघाला आहे, तर १९९१ च्या साओ पाउलोतल्या इंटरलागोसविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या शर्यतीत त्याच्या मॅक्लारेनचे गियर एकामागून एक निकामी होत गेले आणि शेवटी केवळ सहावा गियर उरला. संथ वळणांवर इंजिन बंद पडू न देता सहाव्या गियरमध्ये गाडी रेटायची म्हणजे काय, हे ज्याने चढावर चुकीच्या गियरमध्ये गाडी घातली आहे त्याला थोडेफार कळेल. त्यात शेवटी पाऊस आला. मागून येणारा पात्रेसे जेमतेम तीन सेकंदांवर होता. रेषा ओलांडल्यावर सेना रेडिओवर अक्षरशः किंचाळत होता. त्याला गाडीतून बाहेर पडायला मदत लागली आणि पोडियमवर करंडक उचलायला हात वर होईनात.

घरच्या विजयाचे मोजमाप करायचे, तर माझ्या मते त्याचे एकक हे आहे.

निळा झेंडा

शेवटची फेरी, सेनाबद्दल दुमत नाही. मात्र माझा निकष ब्रिटिश चालक नायजेल मॅन्सेलचा आहे. १९८७ मध्ये सिल्व्हरस्टोनला त्याने टायर बदलण्यासाठी थांबा घेतला आणि त्याचाच सहकारी नेल्सन पिके न थांबता पुढे निघून गेला. जवळपास अर्ध्या मिनिटाची पिछाडी आणि तिशीच्या आतच उरलेल्या फेऱ्या, असा हिशेब होता. मॅन्सेल प्रत्येक फेरीत सेकंद-सेकंद खात आला आणि शेवटून तिसऱ्या फेरीत स्टोच्या वळणावर त्याने एका बाजूला हूल देऊन दुसऱ्या बाजूने पिकेला गाठले. ही शर्यत ब्रिटनऐवजी कुठेही झाली असती, तरी ती थोरच ठरली असती. माझे म्हणणे इतकेच आहे की घरचेपण काढून घेतल्यावर जे उरते, त्यावर विजय जोखावा. लेक्लेरच्या त्या शर्यतीतून घरचेपण काढा आणि काय उरते ते पाहा.

याच निकषाला दुसरी बाजूही आहे. १९७९ मध्ये डिजाँला जाँ-पिएर जाबुई जिंकला. चालक फ्रेंच, गाडी रेनॉची, इंजिन रेनॉचे, टायर मिशलॅंचे, इंधन एल्फचे आणि शर्यतही फ्रान्सची. टर्बो इंजिनाचा फॉर्म्युला वनमधला तो पहिला विजय. यापेक्षा अधिक घरचा विजय कल्पनेतही बसत नाही. तरी त्या शर्यतीतले लोकांना आज काय आठवते? दुसऱ्या क्रमांकासाठी व्हिलनव्ह आणि आर्नू यांनी चाकाला चाक घासत दिलेली झुंज.

हळूगाडी

बिचारा जाबुई. जिंकूनही छायाचित्रात नाही.

पिटभिंत

निळा झेंडा, तुमचा निकष स्वच्छ आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे की मोठेपण केवळ पाठलागात असते. मी दुसरे उदाहरण देतो. १९८४ मध्ये निकी लाउडा याने ऑस्ट्रियाची शर्यत जिंकली. आपल्या देशाची ही शर्यत जिंकणारा तो एकमेव ऑस्ट्रियन आहे. आघाडीवर असताना त्याच्या गियरबॉक्समध्ये मोठा आवाज झाला आणि चौथा गियर गेला. त्याने शर्यत सोडून देण्याची तयारी केली होती, पण बाकीचे गियर पडताहेत असे दिसल्यावर त्याने वेग कमी करून तशीच गाडी पुढे नेली. मागे पिके होता. टायर झिजल्यामुळे तोही आपल्यापुरता विचार करत होता आणि समोरची गाडी अधू झाली आहे, हे त्याच्या लक्षात आले नाही. लाउडाने दुखणे लपवले आणि तो जिंकला. त्या वर्षीचे अजिंक्यपद त्याला प्रॉस्टपेक्षा केवळ अर्ध्या गुणाने मिळाले, म्हणजे त्या लपवाछपवीची किंमत काय होती ते पाहा.

त्या शर्यतीतही पडद्यावर फारसे काही दिसले नसणार. सेनाच्या १९९१ च्या विजयातही आघाडीवर राहून टिकवून धरणेच होते, पाठलाग नव्हता. आता या दोघांच्या शेजारी लेक्लेरला बसवा. त्याची गाडी धडधाकट होती, हे मान्य आहे. पण हातात असलेली गोष्ट न वापरता सत्तरहून अधिक फेऱ्या काढायच्या, हा त्याच जातीचा कस आहे.

शेवटची फेरी

लाउडाच्या उदाहरणाबद्दल +१. मात्र सेनाला या रांगेत बसवताना गाडी मोडलेली होती, हा फरक लहान समजू नये.

वळणावरचा प्रेक्षक

चर्चा मी विचारले त्यापेक्षा पुष्कळ पुढे गेली, याबद्दल सर्वांचे आभार. निळा झेंडा यांच्या निकषाने मला खरोखर अडचणीत आणले आहे, म्हणून त्याला थोडा वेळ देतो.

घरचेपण काढून घेऊन उरलेले जोखा, असे ते म्हणतात. मला वाटते, मोनॅकोत ते काढताच येत नाही, कारण ते गाडीच्या आत बसलेले असते. लेक्लेरचे वडील २०१७ मध्ये वारले. त्यांच्या अखेरच्या दिवसांत, फॉर्म्युला वनचा करार झालेला नसतानाही, तो झाला असे त्याने त्यांना सांगितले होते. फॉर्म्युला वन चालक ज्युल्स बियांकी हा त्याचा धर्मपिता. जपानमधल्या सुझुकाच्या शर्यतीतल्या अपघातानंतर २०१५ मध्ये तोही गेला, आणि बियांकीने आपल्या मारुशिया संघाला पहिले गुण मिळवून दिले होते तेही २०१४ मध्ये मोनॅकोतच. शर्यत संपल्यावर लेक्लेरने स्वतःच सांगितले की शेवटच्या फेऱ्यांत वडिलांची आठवण येऊन डोळे भरून आले आणि बोगद्यातून बाहेर पडताना समोरचे नीट दिसेना. त्या बोगद्यात गाड्या त्या शर्यतीतल्या सर्वाधिक वेगाच्या जवळ असतात, अंधारातून एकदम उजेडात येतात आणि लगेच शिकेनसाठी (वेग कमी करायला लावणाऱ्या डाव्या-उजव्या वळणांसाठी) जोरात ब्रेक दाबावे लागतात. तिथे चूक झाली की समोर कठडा. पाहुण्या चालकाला त्या जागी डोळे पुसावे लागत नाहीत. मग घरचेपण ही विजयावर चढवलेली झालर कशी म्हणावी? तो तर त्याला वागवावा लागलेला भार होता.

मिरवणुकीच्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणतो की तो आक्षेप शर्यतीवर आहे आणि तो रास्त आहे. आयोजकांनाही तो पटला असावा, कारण २०२५ मध्ये मोनॅकोसाठी किमान दोन थांब्यांची सक्ती करण्यात आली.

पिटभिंत

आणि त्या सक्तीचा परिणाम असा झाला की काही संघांनी एका चालकाला मुद्दाम हळू चालवायला लावून दुसऱ्याच्या थांब्यासाठी जागा करून दिली. २०२४ मध्ये लेक्लेर आघाडीवरून हळू जात होता. २०२५ मध्ये ते अधिकृत तंत्र झाले. त्या वर्षी नॉरिस जिंकला आणि लेक्लेर दुसरा आला. नॉरिसने पुढे जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला आपली घरची शर्यतही जिंकून घेतली.

हळूगाडी

म्हणजे माझी शैली आता नियमांत बसते. कळवल्याबद्दल धन्यवाद.

निळा झेंडा

वळणावरचा प्रेक्षक, बोगद्याचा मुद्दा मी मान्य करतो. या बाजूने मी विचार केला नव्हता. रविवारची शर्यत थोर होती, असे मात्र अजूनही म्हणणार नाही.

तुम्हाला थोरपण हवेच असेल, तर ते शनिवारच्या पात्रता फेरीत शोधा. व्हर्स्टॅपेनने त्याआधी सलग आठ पोल घेऊन सेनाच्या विक्रमाशी बरोबरी केली होती आणि नववी मिळाली असती तर तो विक्रम त्याच्या एकट्याच्या नावावर झाला असता. मोनॅकोत पोल म्हणजे अर्धी शर्यत, हे लेक्लेरला दोनदा पोल मिळवून आणि दोनदा हात हलवत परतून इतर कोणाहीपेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. २०२१ मध्ये ज्या भिंतीने त्याची गाडी मोडली, तिच्याजवळून तो पुन्हा तितक्याच वेगाने गेला आणि ३.३३७ किलोमीटरची ती फेरी त्याने १ मिनिट १०.२७० सेकंदांत पूर्ण केली. व्हर्स्टॅपेन शेवटच्या प्रयत्नात पहिल्याच वळणावर कठड्याला घासला आणि सहावा राहिला. ती फेरी मी घरचेपण काढूनही थोर म्हणेन.

वळणावरचा प्रेक्षक

शनिवार मान्य. रविवारबद्दल आपले जमणार नाही असे दिसते, तेव्हा तो माझ्याकडे राहू द्या.